रंभादाईचे औषध

गेल्या महिन्यात नातू चार दिवस राहायला आला होता. वय साडेचार वर्षे. दिवसभर घर डोक्यावर घ्यायचा. पण रात्री दिवा मालवला, की हा गडी अंथरुणात उठून बसायचा. कपाटामागे बागुलबुवा आहे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या बापाने कपाट पुढे ओढून मागची भिंत दाखवली. आत्याने, मुलगे कुठे घाबरतात का, म्हणून चिडवले. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितली. भिंत नीट न्याहाळून झाल्यावर नातवाने शांतपणे खुलासा केला, की उजेड झाला की तो जातो आणि अंधार पडला की परत येतो. यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

मी गप्प होतो, आणि त्याला कारण होते. त्याच दुपारी भाताचे शेवटचे दोन घास नको म्हणणाऱ्या या पोराला बागुलबुवाचा धाक मीच घातला होता. घास पोटात गेले. बागुलबुवा मात्र घरातच राहिला.

त्या रात्री पडल्या पडल्या मला राजकोटच्या एका भित्र्या मुलाची आठवण झाली. साऱ्या जगाने ज्याच्याकडून पुढे निर्भयतेचे धडे घेतले, तो मोहनदास करमचंद गांधी लहानपणी भुताखेतांना विलक्षण भीत असे. त्याने स्वतःच आपल्या आत्मकथेत हे लपवून न ठेवता लिहिले आहे. गांधीजींचे चरित्र आपण स्वातंत्र्यलढ्याच्या अंगाने नेहमी वाचतो. मला ते या वेळी एका घाबरट मुलाची गोष्ट म्हणून पुन्हा वाचावेसे वाटले.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडातल्या पोरबंदरला मोहनचा जन्म झाला. ते घर कीर्तिमंदिराला लागून आजही उभे आहे. वडील करमचंद, म्हणजे कबा गांधी, संस्थानाचे दिवाण. आई पुतळीबाई व्रतवैकल्यांत रमणारी. मोहन सातेक वर्षांचा असताना कुटुंब राजकोटला आले. हा मुलगा इतका बुजरा, की शाळा सुटली रे सुटली की घराकडे धूम ठोकायचा. वाटेत कोणी बोलेल, कोणी आपली थट्टा करील, याचेच त्याला भय. आणि रात्र पडली, की भुते.

घरात रंभा नावाची एक जुनी दाई होती. मोहनला भुताची भीती वाटते, हे तिला कळले. तिने काय केले? भूत नसते, असे सांगून वाद घातला नाही, की भेकड म्हणून हिणवले नाही. भीती वाटली की रामाचे नाव घेत जा, एवढेच तिने सांगितले. मोहनने ते ऐकले. का ऐकले, याचे जे कारण गांधीजींनी पुढे नोंदवले, ते प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावे असे आहे. त्या लहान वयात त्याचा औषधावर फारसा भरवसा नव्हता. भरवसा होता तो औषध देणारीवर.

याची दुसरी बाजूही त्यांच्याच बालपणात सापडते. एका चुलतभावाच्या सांगण्यावरून मोहन रामरक्षा पाठ शिकला होता. पोरबंदरला असेपर्यंत रोज आंघोळीनंतर तो ती म्हणत असे. पण त्यात श्रद्धेपेक्षा शुद्ध उच्चारांची ऐट जास्त होती. राजकोटला आल्यावर ती सुटली. आपल्याकडे दिवेलागणीला घरोघरी मुलांकडून रामरक्षा आणि भीमरूपी म्हणून घेण्याची रीत आहे, म्हणून मला हे विशेष वाटले. शब्द तेवढे मुलाला निर्भय करीत नाहीत. ते कोणाच्या मांडीवर बसून शिकले, यावर बरेच अवलंबून असते.

पण गोष्ट इथे संपत नाही. रंभेचे औषध लागलीच लागू पडले, असे मुळीच झाले नाही. ते नामस्मरण थोड्याच दिवसांत थांबले आणि भीती होती तिथेच राहिली. १८८३ साली, तेराव्या वर्षी, मोहनचे कस्तुरबांशी लग्न झाले, तरीही या नवरदेवाला खोलीत दिवा असल्याशिवाय झोप येत नसे. अंधारात एका बाजूने भूत येईल, दुसऱ्या बाजूने चोर आणि तिसऱ्या बाजूने साप, असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राही. शेजारी झोपलेली कस्तुर मात्र सापाला भीत नव्हती, भुतालाही नाही. ती अंधारात कुठेही जाऊ शके. तिला आपली भीती सांगायची कशी, या लाजेने तो आतल्या आत कुढत असे. भीती एकटी असते तोवर बरी. तिला लाजेची सोबत मिळाली की ती घट्ट होऊन बसते.

या लाजेचा फायदा घेणाराही भेटला. मोहनचा एक दांडगा मित्र त्याला सांगे, की आपण जिवंत साप हातात धरू शकतो, चोरांना भीत नाही आणि भुतांवर आपला विश्वास नाही. हा सारा मांसाहाराचा प्रताप. वैष्णव घरातला हा मुलगा धीट होण्यासाठी चोरून नदीकाठी जाऊन मांस खाऊन आला. त्या रात्री पोटात जिवंत बोकड ओरडतो आहे, असे वाटून तो दचकून दचकून उठत होता. म्हणजे भीती घालवायला गेला, तर जुन्या भीतीत एक नवी भर पडली. वर्षभर हे चोरटे प्रकार अधूनमधून चालले. शेवटी आईवडिलांशी खोटे बोलावे लागते, हे सहन न होऊन त्याने ते सोडले.

रंभा आणि हा मित्र, दोघांनीही उपायच सांगितला. पण मित्राने मुलाला आधी कमी लेखले आणि मग औषध दिले. रंभेने त्याला जवळ घेतले. घरातल्या मुलांना आपण यांपैकी कोणते औषध देतो, हे ज्याने त्याने पाहावे.

पुढे १८८८ साली मोहनदास विलायतेला गेला आणि १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतला. तरी भीतीने पाठ सोडली नव्हती. तिने फक्त रूप पालटले होते. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिल्यावर त्याचे डोके गरगरू लागले, एक प्रश्न सुचेना. तो खाली बसला, आणि पक्षकाराने दुसरा वकील करावा असे सांगून त्याने कोर्टातून काढता पाय घेतला.

मग जून १८९३ उजाडला. दक्षिण आफ्रिकेत दरबानहून प्रिटोरियाला निघालेल्या या तेवीस वर्षांच्या वकिलाला, तो गोरा नाही म्हणून, पहिल्या वर्गाच्या डब्यातून मॅरित्सबर्ग स्टेशनवर उतरवण्यात आले. हा प्रसंग आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्यातला एक बारकावा मात्र माझ्या नजरेतून आजवर निसटला होता. प्रतीक्षागृहात कडाक्याची थंडी होती, कोट सामानात राहिलेला, आणि त्या खोलीत दिवा नव्हता! ज्याला दिव्याशिवाय झोप येत नसे, तो मुलगा परक्या मुलखात एकटा रात्रभर अंधारात बसून राहिला. त्या रात्री त्याला भूत आठवले नाही. परत पळून जायचे की इथेच राहून लढायचे, हा विचार त्याच्या डोक्यात चालला होता. करण्याजोगे काही तरी मोठे समोर आले, की जुनी भीती मागे सरते.

भुताचा हिशेब असा चुकता झाला. सापाचा मात्र बराच काळ उरला होता. १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभे राहिले. तिथे हर्मन कॅलनबाख या वास्तुविशारद मित्राने सापांविषयीची पुस्तके जमवली, बहुतेक साप विषारी नसतात हे सगळ्यांना समजावले आणि एक नाग पाळून त्याला स्वतःच्या हाताने खाऊ घातले. गांधीजींना हे पटत होते. तरीही एकदा कॅलनबाखच्या खोलीत अडचणीच्या जागी साप निघाला, तेव्हा त्यांनी तो मारायला परवानगी दिली. कारण साप हाताने धरण्याचे धैर्य आपल्यात नव्हते, हे त्यांनी पुढे मोकळेपणी लिहून ठेवले. चाळिशीतल्या सत्याग्रही नेत्याने ही कबुली द्यावी, याचे मला मोल वाटते. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात ते १९३६ साली राहायला आले. तिथे साप धरून दूर सोडण्यासाठी वापरलेला चिमटा आणि पिंजरा आजही पाहायला मिळतो. तीन दिशांपैकी तिसरी दिशा अशी सावकाश मोकळी झाली.

१९१५ साली अहमदाबादला आश्रम स्थापला, तेव्हा गांधीजींनी आश्रमवासीयांच्या व्रतांत निर्भयतेला जागा दिली. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून दर आठवड्याला आश्रमाला पाठवलेल्या पत्रांत त्यांनी या व्रतांचा अर्थ उलगडून सांगितला. त्यांतले एक पत्र अभयावर आहे. निर्भयता उपजत नसते, ती सवयीने आणि रोजच्या अभ्यासाने येते, हे त्यांनी स्वानुभवातून जाणले होते.

आता एक प्रसंग, जो मला आजही सलतो. जानेवारी १९४७. दंगलीने होरपळलेल्या नोआखालीत सत्त्याहत्तर वर्षांचे गांधीजी अनवाणी गावोगाव हिंडत होते. सोबत मनू गांधी ही त्यांची नात्यातली तरुण मुलगी होती. पाय घासायचा एक दगड ती आदल्या मुक्कामी विसरली. गांधीजींनी तिला तो आणायला एकटीला परत पाठवले. सोबत कोणाला नेऊही दिले नाही. माडा-पोफळींच्या दाट वाटेने ती पोर रामाचे नाव घेत गेली आणि दगड घेऊन परत आली, तेव्हा तिला रडू कोसळले. रंभेचे औषध सत्तरएक वर्षांनी असे दुसऱ्या मुलीच्या ओठी आले. पण रंभेने मोहनला कधी अंधारात एकटे पाठवल्याचे गांधीजींनी लिहिलेले नाही. मनू वयात आलेली होती, काळ परीक्षेचा होता, हे मान्य. तरीही लहान मुलांच्या बाबतीत माझे मत रंभेच्या बाजूने पडते.

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा शेवटच्या श्वासाला त्यांच्या तोंडी रामनाम होते, असे शेजारीच असलेल्या मनूने नोंदवले आहे. त्याच्या दहाच दिवस आधी प्रार्थनासभेत बाँब फुटला होता. तरी त्यांनी प्रार्थना थांबवली नव्हती आणि संरक्षणही वाढवून घेतले नव्हते. आपल्याला हे नाव उपयोगी पडते, ते रंभेने पेरलेल्या बीमुळे, असे त्यांनी खूप आधी लिहून ठेवले होते. तिचे आडनाव, गाव आपल्याला माहीत नाही. एका घाबरलेल्या मुलाला तिने हसले नाही, एवढे मात्र माहीत आहे.

दुसऱ्या रात्री मी नातवाच्या अंथरुणाशी जाऊन बसलो. आधी त्याच्यापाशी कबूल केले, की जेवताना बागुलबुवाचे नाव आजोबांनी उगाच घेतले, चूक आजोबांची. तो आश्चर्याने बघत राहिला. मग मी त्याला बागुलबुवा कसा दिसतो ते विचारले. त्याने रंग, दात, शेपूट, सगळे तपशीलवार सांगितले. बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा झाला. स्वयंपाकघरातला दिवा लावून दार किलकिले ठेवले आणि मी लहानपणी माझ्या आजीकडून शिकलेली भीमरूपी हळू आवाजात म्हणत राहिलो. माझे बोट धरून तो झोपला.

बागुलबुवा गेला का? नाही. तिसऱ्या रात्री तो पुन्हा आला होता, आणि मीही पुन्हा तिथे बसलो होतो. जेवणाच्या पाटावरून मात्र त्याला मी कायमची रजा दिली आहे. शेवटचे दोन घास राहिले तर राहिले.