मायकेल डेव्हिट : एका हाताचा लढवय्या



मागच्या लाँग वीकेंडला आम्ही दोन कुटुंबे डब्लिनहून मेयो काउंटीतल्या अ‍ॅकिल बेटावर गेलो होतो. बेटाचा पूल आला आणि मागच्या सीटवरून लेकाने नाव वाचले - मायकेल डेव्हिट ब्रिज. हे कोण, असे त्याने विचारले. गाडीत तीन इंजिनियर, पुलाच्या स्पॅनवर भरपूर चर्चा झाली, पण डेव्हिट कोण हे एकालाही सांगता येईना! घरी येऊन वाचून काढले. ते तुम्हालाही सांगावेसे वाटले.

डेव्हिट यांचा जन्म २५ मार्च १८४६ रोजी मेयोतल्याच स्ट्रेड गावी, ऐन दुष्काळात झाला. बटाट्याचे पीक गेले, खंड थकला आणि १८५० मध्ये जमीनदाराने कुटुंबाला घराबाहेर काढले. अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात जावे, तर तिथे मुलांना आईपासून वेगळे ठेवत. आईने ते साफ नाकारले आणि सगळे इंग्लंडमध्ये लँकशायरच्या हॅस्लिंग्डेन गावी गेले. म्हणजे हेही आपल्यासारखेच परदेशी गेलेले कुटुंब, पण हातात ना व्हिसा ना ऑफर लेटर!

नवव्या वर्षी मायकेल कापड गिरणीत लागला. १८५७ मध्ये, अकराव्या वर्षी, उजवा हात यंत्रात सापडला आणि कापावा लागला. नुकसानभरपाई काहीच मिळाली नाही. पण गावातल्या एका भल्या गृहस्थाने त्याला शाळेत घातले, आणि हात गेल्यामुळे पुस्तके हाती आली.

तरुणपणी ते फेनियन या सशस्त्र क्रांतिकारी संघटनेत शिरले. १८७० मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर शस्त्रांच्या प्रकरणात अटक झाली आणि पंधरा वर्षांची सक्तमजुरी लागली. डार्टमूरच्या तुरुंगात एका हाताने दगड फोडले. सात वर्षांनी, डिसेंबर १८७७ मध्ये, सुटका झाली. पुढे ते अमेरिकेत गेले. तिथल्या आयरिश मंडळींना भेटले, व्याख्याने दिली. हळूहळू त्यांना पटले की बंदुकीपेक्षा खरा प्रश्न जमिनीचा आहे, आणि तो कुळांनी एकत्र येऊनच सुटेल.

१८७९ मध्ये पुन्हा पीक बुडाले. त्याच वर्षी डेव्हिट यांच्या पुढाकाराने लँड लीग उभी राहिली, आणि अध्यक्ष झाले चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. मागण्या साध्या होत्या : खंड वाजवी हवा, कुळाला जमिनीवरून हुसकावू नये, आणि आपला हक्क विकण्याची मुभा असावी. १८८० मध्ये कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला मेयोतल्या लोकांनी चक्क वाळीत टाकले. कोणी त्याचे शेत कापेना, कोणी माल देईना. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढायला फौजफाट्यासह सुमारे १०,००० पौंड खर्च झाले! त्याच्या नावावरून इंग्रजीला नवा शब्द मिळाला.

डेव्हिट यांना १८८१ मध्ये पुन्हा तुरुंगात टाकले गेले, पण त्याच वर्षी कुळांच्या बाजूचा कायदाही आला. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने तर सरकारी कर्ज काढून जमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. गंमत म्हणजे डेव्हिट यांना हे पुरेसे वाटत नव्हते. जमीन सगळ्या देशाची असावी, असे त्यांचे मत होते. शेतकऱ्यांना मात्र ती आपल्या नावावर हवी होती. या मुद्द्यावर ते एकटे पडले.

आपल्या दादाभाई नौरोजींना आयर्लंडच्या एखाद्या जागेवरून पार्लमेंटमध्ये पाठवावे, असेही त्यांनी पार्नेल यांना सुचवले होते. ते जमले नाही. दादाभाई १८९२ मध्ये लंडनमधून निवडून आले. डेव्हिट स्वतःही पार्लमेंटमध्ये होते, पण बोअर युद्धाच्या निषेधार्थ १८९९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ३० मे १९०६ रोजी डब्लिनमध्ये ते वारले. ज्या स्ट्रेडमधून चार वर्षांचे असताना हाकलले गेले, तिथेच त्यांचे दफन झाले.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्हा दोन्ही घरांत विषय निघाला आपल्या कूळकायद्याचा. मुंबई राज्यात तो १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. आमच्यातल्या एकाच्या आजोबांना त्यात जमीन मिळाली, दुसऱ्याच्या आजोबांची गेली! इतकी वर्षे मैत्री, पण हे कधी बोललोच नव्हतो. त्या रात्री बोललो, थोडे अवघडून, पण मोकळेपणाने. मुले ऐकत होती.

स्ट्रेडला डेव्हिट यांचा बाप्तिस्मा झाला त्या जुन्या चर्चमध्ये आता त्यांचे म्युझियम आहे. मेयोकडे जाल तेव्हा मुलांना घेऊन जरूर डोकावा. आणि परतताना त्यांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनीची गोष्टही सांगा. मिळाली असो की गेली!