ॲलन पार्कहर्स्ट डॉड

ॲलन पार्कहर्स्ट डॉड (१८९६–१९८१) हे ऑस्ट्रेलियातील कीटकशास्त्रज्ञ होते. आक्रमक निवडुंगाच्या नियंत्रणासाठी त्यांनी 'कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरम' या पतंगाचा यशस्वी वापर केला. कीटकांच्या साहाय्याने तणांचे जैविक नियंत्रण करण्याच्या इतिहासात ही मोहीम सर्वांत गाजलेल्या उदाहरणांपैकी एक मानली जाते.

प्रारंभिक जीवन

डॉड यांचे वडील फ्रेडरिक पार्कहर्स्ट डॉड हे नामांकित कीटकसंग्राहक होते. उत्तर क्वीन्सलँडमधील कुरांडा येथे राहणाऱ्या या गृहस्थांची 'फुलपाखरांचा माणूस' अशीच ख्याती होती. कीटकांविषयीची आवड ॲलन यांना घरातच लाभली. तरुणपणी त्यांनी उसावरील किडींच्या संशोधनात काम केले आणि इतर कीटकांच्या अंड्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाश्यांच्या अनेक जातींचे वर्णन प्रसिद्ध केले.

निवडुंगाची समस्या

फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडांतील आहे. कुंपणासाठी व शोभेसाठी ऑस्ट्रेलियात आणलेल्या या वनस्पतीला तेथे नैसर्गिक शत्रू नव्हता. १९२५ च्या सुमारास क्वीन्सलँड व न्यू साउथ वेल्स या राज्यांतील सुमारे ६ कोटी एकर जमीन तिने व्यापली होती. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या क्षेत्रावर ती इतकी दाट होती की तेथे शेती किंवा पशुपालन अशक्य झाले. तोडलेला प्रत्येक फडा मातीत पुन्हा रुजे. आर्सेनिकयुक्त विषाची फवारणी जमिनीच्या किमतीपेक्षा महाग पडे. अनेक कुटुंबांनी आपल्या जमिनी सोडून दिल्या.

या वनस्पतीवर जगणारे कीटक शोधण्याची कल्पना नवी नव्हती. भारतात १७९५ मध्ये रंगनिर्मितीसाठी आणलेल्या कोचिनील कीटकाने येथील निवडुंगाचा नाश केल्याचे आढळले होते. पुढे १९१४ मध्ये क्वीन्सलँडच्या आयोगाने अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिसच्या अळ्या आणल्या, परंतु त्या ब्रिस्बेन येथे वाढवता आल्या नाहीत. १९२० मध्ये राष्ट्रकुल निवडुंग मंडळ स्थापन झाले आणि डॉड या मंडळाच्या सेवेत आले.

अर्जेंटिनातील संग्रह

१९२५ च्या प्रारंभी डॉड यांनी अर्जेंटिनात या पतंगाच्या अळ्या गोळा करून त्यांची पैदास केली. त्यांतून मिळालेली सुमारे २,७५० अंडी जहाजाने केपटाउनमार्गे पाठवण्यात आली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रिस्बेनला पोहोचली. दोन पिढ्यांतच अंड्यांची संख्या २५ लाखांवर गेली.

एकदा मोकळा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. त्यामुळे या अळ्या पिकांवर किंवा फळझाडांवर वळतील काय, हा प्रश्न निर्णायक होता. त्यांना उपयुक्त वनस्पतींवर ठेवून चाचण्या घेण्यात आल्या. निवडुंग न मिळाल्यास अळ्या उपाशी मरतात, पण पिकांवर जगत नाहीत, अशी खात्री झाल्यावरच त्या मोकळ्या सोडण्यास अनुमती मिळाली.

प्रसार आणि परिणाम

या पतंगाची मादी अंडी एकावर एक रचून काडीसारखी माळ घालते. नारिंगी रंगाच्या, काळ्या पट्ट्यांच्या अळ्या समूहाने फड्यात शिरून आतील गर खातात, आणि त्या जखमांतून शिरलेल्या जंतूंमुळे उरलेला भाग कुजतो. अंड्यांच्या काड्या कागदावर चिकटवून शेतकऱ्यांकडे पाठवल्या जात. १९२६ ते १९३१ या काळात २ अब्जांहून अधिक अंडी वाटण्यात आली. या काळात मोहिमेची सूत्रे डॉड यांच्याकडे होती.

१९३० नंतर निवडुंगाची रानेच्या राने कोसळली. अन्न संपताच पतंगांची संख्याही घटली आणि मुळांपासून नवे कोंब फुटू लागले. काही काळ मोहीम फसल्याची भीती निर्माण झाली. मात्र कोंबांबरोबर पतंगही पुन्हा वाढले आणि दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक जमीन मोकळी झाली. चिंचिलाजवळील बूनार्गा येथे १९३६ मध्ये बांधलेल्या सार्वजनिक सभागृहाला या पतंगाचेच नाव देण्यात आले.

नंतरचे कार्य आणि मूल्यमापन

डॉड यांनी १९४० मध्ये या मोहिमेचा सविस्तर वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी क्रॉफ्टन तणावर गाठी निर्माण करणाऱ्या माशीच्या वापराचाही अभ्यास केला.

ऑस्ट्रेलियात मूळचा एकही निवडुंग नाही, म्हणून तेथे हा पतंग निर्धोक ठरला. इतरत्र परिणाम वेगळे झाले. १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडलेला हाच पतंग पसरत गेला. १९८९ मध्ये तो फ्लोरिडात आढळला आणि तेथील स्थानिक निवडुंगांना तसेच मेक्सिकोतील निवडुंगशेतीला त्याचा धोका निर्माण झाला. त्यामुळे डॉड यांच्या कार्याचा अभ्यास आज दोन अंगांनी होतो: जैविक नियंत्रणाच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून, आणि एका भूमीत उपकारक ठरलेला जीव दुसऱ्या भूमीत नेण्यापूर्वी तेथील वनस्पतींचा विचार करावा लागतो, याचे स्मरण म्हणून.