कृष्ण मेनन : अपक्ष उमेदवारीचे पर्व

कोझिकोडे येथे १८९६ मध्ये जन्मलेल्या व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या चरित्रात लंडनमधील इंडिया लीग, पेलिकन ग्रंथमालेचे संपादन व संरक्षणमंत्रिपद यांची चर्चा विपुल होते. त्यांच्या अपक्ष उमेदवारीचे पर्व मात्र उपेक्षित राहते. १९५७ व १९६२ मध्ये ते काँग्रेसतर्फे उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. १९६२ च्या चीन युद्धानंतर त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. १९६७ मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारली, तेव्हा ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. त्यांचे परप्रांतीय असणे हा प्रचाराचा मुद्दा झाला. नवोदित शिवसेनेनेही त्यांना विरोध केला. स. गो. बर्वे विजयी झाले. बर्वे यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा पराभूत केले. तथापि १९६९ मध्ये बंगालमधील मिदनापूरने डाव्यांच्या पाठिंब्यावर त्यांना लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून दिले. १९७१ मध्ये ते तिरुवनंतपुरमहून अपक्ष म्हणूनच विजयी झाले आणि १९७४ मध्ये खासदार असतानाच निवर्तले. मिदनापूरलाही ते परकेच होते. म्हणजे परकेपण हा उमेदवाराचा अंगभूत गुण नसून त्या त्या ठिकाणच्या राजकारणाने त्याला दिलेला अर्थ असतो, हेच या पर्वातून सूचित होते.