कागदावर फक्त ओठ! ॲनिमेचा जुगाड करणारे ओसामु तेझुका

गेल्या वर्षी मी हौसेने एक कागद विकत घेतला. नव्वदच्या दशकातल्या एका ॲनिमे मालिकेचं हाताने काढलेलं मूळ चित्र. पार्सल उघडलं आणि डोक्याला हात लावला. पूर्ण कोरा कागद, मध्ये एक छोटंसं तोंड. चेहरा नाही, डोळे नाहीत, केस नाहीत. कोपऱ्यात पेन्सिलने ‘बी२’ लिहिलेलं आणि कडेला तीन भोकं. वाटलं, फसलो!

पण फसलो नव्हतो, मला तो कागद वाचता येत नव्हता इतकंच. तो वाचायला शिकताना मी एका माणसापाशी येऊन पोहोचलो: ओसामु तेझुका. आज आपण फोनवर जे ॲनिमे बघतो ते तसं का दिसतं, याचं अर्धं उत्तर या माणसाच्या आयुष्यात आहे.

किड्यांच्या नावाचा मुलगा

तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा, ओसाकाजवळच्या टोयोनाका गावातला. लहानपण गेलं ताकाराझुकामध्ये. घरी वडिलांचा छोटा प्रोजेक्टर होता. त्यावर ते चॅप्लिनचे आणि डिस्नेचे सिनेमे बघायचे. दुसरा नाद किड्यांचा. किडे पकडायचे, नीट मांडून ठेवायचे, त्यांची हुबेहूब चित्रं काढायची. ‘ओसामुशी’ नावाचा एक भुंगा असतो. त्यावरून त्यांनी आपल्या नावाला ‘मुशी’, म्हणजे किडा, हे अक्षर जोडून टाकलं. पुढे त्यांच्या स्टुडिओचं नावही पडलं मुशी प्रोडक्शन.

१९४५ मध्ये युद्ध चालू असताना ओसाकातल्या एका थिएटरमध्ये त्यांनी मोमोतारोवरचा जपानी ॲनिमेशनपट पाहिला. सिनेमा युद्धप्रचाराचा होता, पण पोरगा रडला तो चित्रं हलताना बघून. आपणही एक दिवस हे करायचं, असं तिथेच ठरलं.

मात्र शिकले ते डॉक्टरकी. ओसाका विद्यापीठात मेडिकल करता करता कॉमिक्स, म्हणजे मांगा, काढत राहिले. १९४७ साली आलेल्या ‘शिन ताकाराजिमा’ने त्यांचं नाव झालं. डॉक्टरीचं लायसन्स मिळालं, पण दवाखाना काही टाकला नाही. १९५२ पासून ‘तेत्सुवान आतोमु’ सुरू झाला. हाच तो छोटा रोबो, ज्याला जग ॲस्ट्रो बॉय म्हणून ओळखतं.

१९६३: गणित जमत नव्हतं

मांगातून आलेला पैसा त्यांनी ॲनिमेशनमध्ये ओतला. टोकियोच्या नेरिमा भागात, घराला लागूनच स्टुडिओ काढला. १ जानेवारी १९६३ ला ॲस्ट्रो बॉय टीव्हीवर आला. दर आठवड्याला अर्ध्या तासाची ॲनिमेशन मालिका, असं जपानमध्ये पहिल्यांदाच होत होतं.

आता जरा हिशोब करू. फिल्मच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. जाहिराती वगळून २० मिनिटं धरली तरी २८,८०० फ्रेम झाल्या. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी १४,००० च्या वर चित्रं लागतात. तीही दर आठवड्याला, हाताने! डिस्नेच्या पद्धतीने हे शक्यच नव्हतं.

तेझुका आणि त्यांच्या टीमने ही संख्या साधारण दीड ते अडीच हजारांवर आणली. कशी, ते बघा:

– एक चित्र दोनऐवजी तीन फ्रेम टिकवायचं. म्हणजे सेकंदाला आठच चित्रं.
– जिथे जमेल तिथे चित्र स्थिर ठेवायचं आणि फक्त कॅमेरा सरकवायचा.
– पात्र बोलताना चेहरा एकदाच काढायचा. वर वेगळ्या थरावर तोंड बदलायचं: बंद, अर्धं, उघडं.
– ॲस्ट्रो उडतोय, धावतोय, अशी चित्रं नंबर लावून जपून ठेवायची आणि पुढच्या एपिसोडमध्ये पुन्हा वापरायची. याला ते ‘बँक’ म्हणायचे.

आपल्या भाषेत सांगायचं तर लेयर्स, कॅशे आणि कोड रीयूज. तेही कॉम्प्युटर हाताशी नसताना. तिसरा मुद्दा वाचला तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझ्या कागदावरचं ‘बी२’ म्हणजे बी थरावरचं दुसरं चित्र. चेहरा ए थरावर होता, दुसऱ्याच कागदावर. माझ्याकडे आलं होतं ते नुसतं तोंड.

कागद वाचायचा कसा?

संग्रह करायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा. ‘गेंगा’ म्हणजे मुख्य ॲनिमेटरने काढलेल्या महत्त्वाच्या पोझ. आपण कोडमध्ये कीफ्रेम म्हणतो ना, ते हेच. शब्दही ॲनिमेशनमधूनच आलाय. गेंगाच्या कडेला बऱ्याचदा छोट्या शिडीसारखी खूण असते. दोन पोझच्या मध्ये किती चित्रं घालायची आणि ती कुठे जवळ, कुठे लांब, हे त्यातून कळतं. ‘दोगा’ म्हणजे स्वच्छ रेषेत काढलेली चित्रं, मधली धरून. त्यात सावलीची हद्द रंगीत पेन्सिलने आखलेली असते. मग ‘सेल’: पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर पुढून रेषा, मागून रंग. खरा सेल उलटा केला की रंगाचा थर दिसतो. छापील कॉपीत तो नसतो. भोकं असतात ती चित्रं एकावर एक बरोब्बर बसावीत म्हणून.

ॲस्ट्रो बॉयची मालिका ब्लॅक अँड व्हाइट होती, त्यामुळे सेल करड्या छटांमध्ये रंगवत आणि रेषाही हातानेच उतरवत. आता सेल बनत नाहीत. ‘साझाए-सान’ ही मालिका शेवटपर्यंत सेलवर टिकून होती, २०१३ मध्ये तीही पूर्ण डिजिटल झाली. म्हणून जुने सेल इतके महाग.

जुगाडाची किंमत

मालिका तुफान चालली. त्याच वर्षी अमेरिकेतही दिसली. पण तेझुकांनी ती चॅनेलला खर्चापेक्षा कमी किमतीत दिली होती. तोटा भरून काढायचा तो खेळणी, चॉकलेट, स्टिकर यांच्या पैशातून आणि स्वतःच्या मांगाच्या कमाईतून. झालं असं, की बाजाराला तो दर कळला. पुढे येणाऱ्या प्रत्येक स्टुडिओकडे त्याच बजेटची अपेक्षा होऊ लागली. एक-एक चित्र काढणाऱ्या मुलामुलींना कमी पैसे मिळतात, ही ॲनिमे उद्योगाची जुनी तक्रार. तिचं मूळ या सौद्यात आहे, अशी टीका तेझुका गेल्यावर हायाओ मियाझाकींनी उघडपणे केली. सगळा दोष एका माणसावर टाकता येईल का, यावर वाद आहे. मला स्वतःला वाटतं, आपण ‘आत्ता चालवून घेऊ, नंतर नीट करू’ म्हणून कोड टाकतो ना, तसंच हे झालं. तो ‘नंतर’ आलाच नाही.

१९७१ मध्ये तेझुका मुशीच्या अध्यक्षपदावरून बाजूला झाले. १९७३ मध्ये कंपनी बुडाली. पण तिथे तयार झालेली माणसं आधीच पसरली होती. मॅडहाउस आणि सनराइज हे दोन्ही स्टुडिओ मुशीतून बाहेर पडलेल्या लोकांनी १९७२ मध्ये काढले. तुमचं ‘डेथ नोट’ मॅडहाउसचं, ‘गुंडाम’ सनराइजचं.

कर्जात बुडालेल्या तेझुकांनी त्याच १९७३ मध्ये ‘ब्लॅक जॅक’ सुरू केला, लायसन्स नसलेल्या सर्जनची गोष्ट. गौतम बुद्धांवरची त्यांची मोठी मांगा मालिकाही याच काळातली. ती इंग्रजीत आपल्याकडेही मिळते.

शेवटचा हिशोब

आता खरी गंमत. टीव्हीसाठी चित्रं वाचवणारा हा माणूस छोट्या फिल्म्समध्ये मात्र सढळ हाताने चित्रं खर्च करायचा. १९८४ ची ‘जंपिंग’ जेमतेम सहा मिनिटांची. एकही कट नाही, सुमारे ४,००० चित्रं. झाग्रेबच्या महोत्सवात तिला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

आणि १९८७ ची ‘मोरी नो देन्सेत्सु’, म्हणजे जंगलाची दंतकथा. यात जंगलातले जीव डिस्नेसारखे भरपूर चित्रांत, लवचिक हलतात. जंगल तोडायला आलेली माणसं मात्र टीव्हीसारखी, कमी चित्रांत, झटके देत हलतात. म्हणजे त्यांनी स्वतःच रुळवलेली पद्धत खलनायकाला दिली! हे बघितल्यावर मी बराच वेळ फोन बाजूला ठेवून बसलो होतो. आपण काय केलंय हे त्यांना पुरतं माहीत होतं, एवढंच मला त्यातून दिसलं.

९ फेब्रुवारी १९८९ ला पोटाच्या कॅन्सरने ते गेले. वय फक्त साठ. ती फिल्म अर्धवटच राहिली. पुढचा एक भाग त्यांच्या मुलाने २०१४ मध्ये केला.

माझा तोंडवाला कागद मी आता फ्रेम करून टेबलासमोर लावलाय. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, बाकीचा चेहरा कुठे आहे? मग मी त्यांना ही गोष्ट सांगतो. तुम्हीही आज एखादा जुना एपिसोड लावा, दोघं बोलत असतील तिथे पॉज करत करत पुढे जा. चेहरा थांबलेला दिसेल आणि ओठ तेवढे हलतील. ते तेवढे ओठसुद्धा कोणीतरी हाताने काढलेले आहेत.