जेरुसलेमचे संत याकोब

प्रभूचे आप्त, म्हणून प्रभूचे बंधू म्हणविले जाणारे संत याकोब हे जेरुसलेमचे पहिले बिशप होत. यहुदी लोक चुलत-मावस भावांसही बंधूच म्हणत, हे आपल्या वाचकांस निराळे सांगणे नको. लॅटिन पंचांग त्यांस अल्फेयपुत्र प्रेषित याकोब मानून ३ मे रोजी त्यांचा सण धरते. विद्वानांत ह्याविषयी मतभेद आहे. त्यात आम्ही शिरत नाही. आमच्या नागझिऱ्याकडे हा सण ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामात येतो, म्हणून तो थोड्यांच्याच ध्यानात राहतो.

पुनरुत्थित ख्रिस्ताचे दर्शन घडल्यावरही याकोबांनी मंदिर सोडले नाही. प्रेषित भाकर मोडीत ती घरोघर, परंतु प्रार्थनेच्या समयी मंदिरात जात. याकोबांविषयी दुसऱ्या शतकातील हेगेसिप्पुस सांगतो की, लोकांसाठी क्षमा मागत तेथे गुडघे टेकून टेकून त्यांस उंटासारखे घट्टे पडले होते. यहुदी नेमाची घट्ट पकड आपल्या कोकणातही दिसे. बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनिवार तेली हे नाव पडले.

सुमारे इ. स. ४९ मध्ये ह्याच नेमनिष्ठ पुरुषापुढे प्रश्न आला की, परराष्ट्रीय ख्रिस्ती जनांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळावे की काय. पेत्र बोलले, पौल व बर्णबा बोलले. मग याकोबांनी निर्णय दिला की, हे ओझे त्यांजवर घालू नये. मूर्तीस वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी व जारकर्म एवढेच वर्ज्य ठरले. आमचे पूर्वज यहुदी न होता ख्रिस्तसभेत येऊ शकले ते ह्यामुळे.

स्वतःचा नेम मात्र त्यांनी सोडला नाही. सुमारे ५८ साली पौल जेरुसलेमास आले, तेव्हा ते यहुद्यांस नियमशास्त्र सोडावयास शिकवितात अशी कुजबुज होती. नवस केलेल्या चौघांबरोबर शुद्ध होऊन त्यांच्या मुंडणाचा खर्च सोसावा, असे याकोब व वडील मंडळी यांनी सुचविले. पौलांनी ते मानले. तरीही दंगा झाला व पौल बंदीत पडले. तथापि तो सल्ला भित्रेपणाचा होता असे आम्हांस वाटत नाही.

इ. स. ६२ मध्ये रोमी सुभेदार फेस्तुस वारला; नवा सुभेदार अल्बिनुस अद्याप वाटेवर होता. ती संधी साधून महायाजक अनानुसाने याकोबांवर नियमशास्त्र मोडल्याचा आरोप ठेविला व त्यांस धोंडमार करविला. मंदिरात ज्यांचे गुडघे झिजले त्यांजवर हा आरोप! इतिहासकार योसेफस लिहितो की, नगरातील जे नियमशास्त्राविषयी काटेकोर होते तेच ह्या कृत्याने रुष्ट झाले. अग्रिप्पा राजाकडे गाऱ्हाणे गेले, आणि तीनच महिन्यांत अनानुसाचे पद गेले. पुढे आठ वर्षांनी, ७० साली, रोमी सैन्याने ते मंदिरही जाळले.