अजिंठ्याचे उपासक ग्रिफिथ्स
जॉन ग्रिफिथ्स यांचा जन्म १८३७ साली वेल्समध्ये झाला. १८६५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक म्हणून आले आणि अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांनी त्यांना वेड लावले. शेणमातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर सरसाच्या पाण्यात खललेले खनिज रंग! युरोपातील जुने चित्रकार असेच रंग अंड्याच्या बलकात कालवीत. १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांसह त्यांनी या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुसट रेषा उजळाव्यात म्हणून भिंतींवर रोगणही चढविले. हा उपाय मात्र चुकलाच. ते रोगण पुढे पिवळे पडून चित्रांना बाधले. लंडनला पाठविलेल्या कित्येक प्रतिकृती १८८५ च्या आगीत जळाल्या. तरीही १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांनी अजिंठ्याच्या चित्रांवरील आपला द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला.