श्रीसंत गाडगे महाराज : बारशाची पंगत

वऱ्हाडातील परीट कुळात १८७६ साली जन्मलेल्या महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. दारूपायी सर्वस्व गमावून वडील अकाली निवर्तले. मातोश्री सखुबाईंनी बालकास माहेरी, दापुरे येथे वाढविले. पुढे डेबूजींच्या कन्येचे बारसे आले. अशा प्रसंगी मद्य-मांसाची पंगत घालण्याची जातीत प्रथा होती. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. आप्तेष्ट रुष्ट झाले, पण ते ढळले नाहीत. स्वतः न पिणे एकवेळ सोपे. पाहुण्यांस न पाजणे त्या काळी फार कठीण होते. १९०५ मध्ये गृहत्याग केल्यावर १९५६ पर्यंत ते कीर्तनातून श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत व्यसनाचा हिशेब त्यांच्याकडून वदवून घेत. नातेपुत्याहून माउलींच्या पालखीसमवेत पंढरीस जाणाऱ्या भाविकांनी तेथील त्यांची धर्मशाळा अवश्य पाहावी.